शेजारच्या तासाचं (ओळीचं) पिकावर काय होतं: तूर-सोयाबीन, लिंबाखालची ज्वारी अन् टारफुला

औशाकडच्या एका तरुण शेतकरी भावानं तीन गोष्टी विचारल्यात. एक, सोयाबीनला चिकटून असलेली तूर उंच गेली, फांद्या पार वर फुटल्या, अन् जिथं सोयाबीन विरळ उगवलं तिथली तूर बुटकी पण डेरेदार झाली, हे कामून? दोन, धुऱ्यावरच्या लिंबाखाली, म्हणजे कडुलिंबाखाली, ज्वारी बसत नाही, लिंबाच्या पाल्यात विष असतं का? तीन, मोबाईलवर व्हिडिओ बघितला की झाडं जमिनीतल्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना निरोप देतात, हे खरं असेल तर आपल्या शेतात त्याचा फायदा काय?

मी परभणीला कृषी शिकलो अन् नंतरचं सगळं काम लातूर-परभणी-जालन्याच्या शिवारात आंतरपिकांवरच झालं, त्यामुळं हा विषय माझ्या लई जवळचा आहे. उत्तर लांबणार, सावकाश वाचा.

आधी थोडक्यात सांगतो. शेजारी झाडाची खबर झाडाला लागते अन् त्यावरून ते आपली वाढ बदलतं, ही गोष्ट पक्की सिद्ध झालेली आहे. खबर मुख्यतः तीन वाटांनी जाते, उजेडातून, मुळांतून पाझरणाऱ्या रसातून अन् हवेतल्या वासातून. मुद्दाम कुणी कुणाला निरोप धाडतं असं बहुतेक वेळा नसतं, एका घरात भाकरी भाजली की वास गल्लीभर जातो अन् ज्याला भूक आहे तो ओळखतो, तसं ते आहे. व्हिडिओवाले बुरशीचं जाळं धरून बसतात, पण मी म्हणतो आपल्या शेतात सगळ्यात आधी अन् सगळ्यात जोरात काम करतो तो उजेड, अन् त्याबद्दल कुणीच सांगत नाही. हा सगळा खेळ पेरणीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच होऊन जातो, म्हणून कोणत्या पिकाला कोणता शेजार द्यायचा अन् किती अंतरावर, हे तिफण धरायच्या आधी ठरवावं लागतं, नंतर युरियाचं पोतं टाकून ते दुरुस्त होत नाही.

आता तुमच्या तुरीचं बघू. हिरवं पान उन्हातला लाल उजेड खाऊन टाकतं, कारण त्याच्यावरच त्याचं अन्न तयार होतं, पण लालच्या पलीकडचा जो उजेड असतो, ज्याला फार-रेड म्हणतात, साधारण ७३० नॅनोमीटरचा, तो पान वापरत नाही, परत फेकतं. आपल्या डोळ्याला तो नीट दिसत नाही पण झाडाच्या खोडात अन् पानात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं त्याला तो बरोब्बर कळतो. म्हणजे शेजारी हिरवं झाड उभं राहिलं की त्याच्या अंगावरून परत आलेला फार-रेड आपल्या झाडाच्या खोडावर आडवा पडतो, अन् सावली पडायच्या कितीतरी आधीच झाडाला समजतं की कुणीतरी बाजूला आलंय, आता उंच व्हावं लागेल. अर्जेंटिनाच्या बॅयारे अन् त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी मोहरी अन् धोतऱ्याच्या रोपांच्या खोडाभोवती फार-रेड अडवणाऱ्या द्रावणाची कॉलर बसवली, आजूबाजूला दाटी तीच, माती तीच, पाणी तेच, पण कॉलरवाली रोपं लांबली नाहीत. खोडाला खबरच पोचली नाही ना.

अशी खबर लागली की झाड खोडावर खर्च करतं अन् फांद्यांवर, मुळांवर हात आखडतं. एवढंच नाही, किडीशी लढायची जी तयारी असते ती पण ढिली पडते, हे पण नंतरच्या कामातून पुढं आलंय. तुमच्या दाट भागातल्या तुरीचं नेमकं हेच झालं. सोयाबीन पहिल्या दीड महिन्यात झपाट्यानं वाढतं अन् तूर त्या काळात अगदी हळू चालते, मग सोयाबीनच्या हिरव्या भिंतीनं तिला वर पळायला लावलं, खालच्या फांद्या फुटल्याच नाहीत. विरळ भागात भिंत नव्हती तर ती खालपासून पसरली. खत कमी-जास्त झालं असा अर्थ काढू नका यातून.

मग करायचं काय? आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस सोयाबीन अन् तूर ४:२ (चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर) किंवा २:१ अशी आहे, अन् मला स्वतःला ४:२ जास्त पटतं, कारण तुरीची दोन तासं शेजारी आली की प्रत्येक तासाची एक बाजू तरी सोयाबीनपासून मोकळी राहते, अन् सोयाबीन निघालं की मधी चांगली ऐसपैस जागा मिळते, तूर तेव्हाच खरी पसरते. दुसरं, सोयाबीनचं बियाणं कमी करा. ४५ बाय ५ सेंटिमीटरनं हिशोब केला तर हेक्टरी ४ लाख ४४ हजार झाडं बसतात, म्हणजे एकरी पावणेदोन लाखाच्या आसपास, त्याला उगवण चांगली असलेलं २६ ते ३० किलो बी पुरतं. आपल्याकडं लोक उगवणीच्या भीतीनं ३५-४० किलो पेरतात अन् मग सोयाबीनच सोयाबीनला बघून लांबतं, कमरेएवढं होतं, बघायला भारी दिसतं, गावात कौतुक होतं, अन् एका वाऱ्यात लोळतं. घरी उगवण तपासा, शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून, अन् मग बी ठरवा.

तणाच्या बाबतीत पण हाच नियम लागू आहे अन् हा मुद्दा फार कमी लोकांना माहीत आहे. आपण म्हणतो तण खत खातं, पाणी पितं, ते खरंच आहे, पण कॅनडात ग्वेल्फ विद्यापीठात मक्यावर काम झालं, तणाची मुळं मक्यापासून वेगळी ठेवली, पाणी-खत भरपूर दिलं, तरी नुसतं हिरवं तण बाजूला आहे एवढ्यावर मका बदलला, मुळं कमी धरली. म्हणून पहिली कोळपणी ही पंधरा-वीस दिवसांतच व्हायला पाहिजे, महिन्यानं केलेली कोळपणी शेत स्वच्छ करते पण झाडानं आपला वाढीचा बेत तोवर ठरवलेला असतो. पाऊस लागून राहिला अन् वाफसा येत नाही तेव्हा नाइलाज असतो, ते मला कळतं, पण वाफसा आला त्या दिवशी दुसरी कामं बाजूला ठेवा.

आता लिंबाखालची ज्वारी. इथं लोक लगेच विषाचं नाव घेतात. झाडं मुळांतून, पाल्यातून अशी द्रव्यं सोडतात की ज्यानं शेजारचं बी उगवत नाही किंवा रोप खुजं राहतं, हे खरं आहे. पण पाल्याचा कडक अर्क काढून बशीत बी टाकलं की जवळजवळ कुठल्याही पाल्यानं उगवण कमी होते, त्यावरून शेतातलं ठरवता येत नाही. आपली काळी माती चिकणमातीची, ती असली द्रव्यं धरून ठेवते, वरून जीवाणू ती खाऊन टाकतात. अन् लिंबोळी पेंड आपण हौसेनं शेतात टाकतो, त्यानं ज्वारी मरत नाही ना? माझं मत असं की धुऱ्यावरच्या लिंबाखाली ज्वारी बसत नाही त्याचं मोठं कारण पाणी अन् दुसरं सावली. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या साठवलेल्या ओलीवर येते, अन् त्या ओलीवर लिंबाची मुळं आधीच हक्क सांगून बसलेली असतात.

याची परीक्षा सोपी आहे. बुंध्यापासून पाच-सहा फूट सोडून शेताच्या बाजूनं दोन-अडीच फूट खोल चर मारा, आडवी आलेली मुळं तोडा, चर पाल्यानं भरून टाका. पाला शेतात पडतोय तसाच पडू द्या. त्या हंगामात चराच्या पलीकडची ज्वारी सुधारली तर भांडण मुळांचं होतं, पाल्याचं नाही. मुळं परत येतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी चर उकरावा लागतो. लिंब तोडू नका म्हणजे झालं, मराठवाड्यात धुऱ्यावर झाडं राहिलीच किती.

खरं रसायन वापरणारं झाड म्हणाल तर ते ज्वारी स्वतः आहे. ज्वारीच्या कोवळ्या मुळांवरच्या केसांच्या टोकातून पिवळसर तेलकट थेंब येतात, त्यात सोर्गोलिओन नावाचं द्रव्य असतं, ते बारीक बियांच्या तणांच्या रोपांना दाबतं, त्यांचं पानातलं अन्न बनवायचं कामच बिघडवतं. ज्वारीच्या रानात बारीक तण कमी दिसतं त्यात हा एक भाग आहे. दुसरं गाजर गवत. त्याच्या पानांत-फुलांत पार्थेनिन असतं, अन् त्याचे परागकण उडून टोमॅटो, मिरची, वांग्याच्या फुलावर बसले तरी फळधारणेला अडथळा येतो असं बेंगळुरूच्या अभ्यासकांनी दाखवलं होतं. हे गवत आपल्या देशात १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं अन् आज एकही धुरा त्याच्याशिवाय नाही. भाजीपाल्याच्या प्लॉटभोवती फुलावर यायच्या आधी, हातात मोजे घालून, मुळासकट उपटा. जिथं तरोटा दाट येतो तिथं गाजर गवत मागं हटतं, हे तुम्ही पण रस्त्याच्या कडेला बघितलं असेल, तेव्हा पडीक जागेतला तरोटा उगीच मारू नका.

आता टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. या विषयातली मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. टारफुल्याचं बी धुळीएवढं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, ओल मिळाली, ऊब मिळाली तरी उगवत नाही. ज्वारीचं मूळ त्याच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर आलं अन् त्या मुळातून स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं द्रव्य पाझरलं तरच ते उगवतं अन् सरळ मुळाला जाऊन चिकटतं. मग प्रश्न पडतो की ज्वारी आपल्या वैऱ्याला बोलावणारं द्रव्य सोडतेच कशाला? त्याचं उत्तर २००५ साली जपानमध्ये अकियामा अन् सहकाऱ्यांनी शोधलं. ते द्रव्य मुळात मायकोरायझा बुरशीसाठी आहे, जी मुळांशी जोडी जमवून जमिनीतलं स्फुरद आणून देते. म्हणजे ज्वारी मित्राला हाक मारते अन् टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

यातून दोन गोष्टी हाताला लागतात. पिकाला स्फुरद कमी पडला की ते ही हाक जास्त जोरात मारतं, म्हणून टारफुला नेहमी बरड, उपाशी रानात माजतो, चांगल्या शेणखताच्या रानात कमी असतो, जुन्या लोकांना हे डोळ्यानं माहीत होतंच. अन् दुसरी गोष्ट आपल्या कापसाची. या गटातलं पहिलं द्रव्य, स्ट्रिगॉल, १९६६ साली अमेरिकेत सापडलं ते ज्वारीत नाही तर कापसाच्या मुळांत, अन् कापसावर तर टारफुला जगतच नाही. म्हणजे कापूस लावला की टारफुल्याचं बी फसून उगवतं, चिकटायला योग्य मूळ सापडत नाही अन् मरून जातं. टारफुला असलेल्या रानात ज्वारीवर ज्वारी घेऊ नका, मधी कापूस येऊ द्या, बियांचा साठा कमी होत जातो. एका वर्षात संपत नाही, अन् जो उगवला तो जांभळट-पांढरं फूल येण्याआधी उपटलाच पाहिजे, कारण एका झाडाला हजारोंनी बी धरतं. केनियात इसिपे या कीडशास्त्र संस्थेत झेयाउर खान, जे मूळ भारतीय, अन् इंग्लंडचे जॉन पिकेट यांनी मक्यात डेस्मोडियम नावाचं चाऱ्याचं द्विदल लावून टारफुला काबूत आणला, त्याच्या मुळांतून निघणारी द्रव्यं टारफुल्याला पिकाला चिकटूच देत नाहीत. आफ्रिकेतल्या हजारो लहान शेतकऱ्यांनी ते केलंय.

मुळांच्या बाबतीत तुरीबद्दल एक गैरसमज पण काढून टाकतो. लोक म्हणतात तुरीच्या गाठींतलं नत्र शेजारच्या पिकाला मिळतं. उभ्या पिकात ते फार थोडं जातं, खरा फायदा तुरीचा पाला गळून अन् मुळं कुजून पुढच्या पिकाला होतो. अन् सोयाबीन स्वतःच द्विदल आहे, त्याला तुरीच्या नत्राची वाट बघायची गरज नाही. ज्वारी-तुरीत मात्र मजा वेगळी होते, ज्वारी जमिनीतलं नत्र ओढून घेते त्यामुळं तुरीला हवेतलं नत्र जास्त धरावं लागतं, दोघींचं भांडण होत नाही. चीनमध्ये मका अन् बाकला (शेंगांचं एक द्विदल पीक) या जोडीवर २०१६ ला दाखवलं गेलं की मक्याच्या मुळांचा रस मिळाला की बाकल्याच्या मुळांवर गाठी वाढतात.

स्फुरदाचं पण असंच. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत जपानी शास्त्रज्ञांनी १९९० साली दाखवलं की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल निघतं अन् ते लोहाला घट्ट चिकटलेला स्फुरद मोकळा करतं, जो इतर पिकांना हाती लागत नाही. पण लक्षात घ्या, हे तांबड्या जमिनीचं काम आहे, बीदरच्या बाजूला ज्यांची रानं आहेत त्यांना लागू. आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याला बांधलेला असतो, तिथं हरभरा जास्त कामाचा, त्याची मुळं आम्लं सोडून हा स्फुरद विरघळवतात. पहाटे हरभऱ्याच्या पानावर जी आंब येते, जी पूर्वी आज्या फडकं टाकून गोळा करायच्या, तिच्यातलं मॅलिक आम्ल मुळांतून पण पाझरतं.

अन् एक गोष्ट बदनापूर-जालन्याकडच्या तूरवाल्यांसाठी, जिथं तूर दरवर्षी उबळते, म्हणजे मर रोगानं उभी वाळते. ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मर कमी येते, हे इक्रिसॅटच्या जुन्या प्रयोगांतून स्पष्ट झालेलं आहे. आधी आपल्याकडं ज्वारीत तूर हीच रीत होती, सोयाबीन आल्यावर ती मोडली. मर-प्रतिकारक वाण तर घ्याच, पण ज्या रानात दरवर्षी तूर उबळते तिथं दोन-चार तासं सोयाबीनऐवजी खरीप ज्वारीची करून बघा, कडबा पण होईल.

दुष्काळाचं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. २०११ ला इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात वाटाण्याची झाडं ओळीनं अशी लावली की प्रत्येकाची मुळं फक्त शेजारच्याशी एका कुंडीत. पहिल्या झाडाला कोरडेपणाचा झटका दिला, तर तासाभरात शेजारच्या, पाणी भरपूर असलेल्या झाडानं पण पानाची रंध्रं मिटायला सुरुवात केली, अन् त्याच्यापुढच्यांनी पण. मुळं वेगळी ठेवली तर खबर गेली नाही. आपल्याकडं ऑगस्टमधी तीन-तीन आठवडे पावसाचा खंड पडतो तेव्हा शेताच्या एका कोपऱ्यातल्या मुरमाड पट्ट्यातून अशी खबर पुढं सरकते का, हे आपल्या पिकांत कुणीतरी बघायला पाहिजे, परभणीच्या पोरांनी हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा व्हिडिओ. कॅनडात सुझॅन सिमार्ड यांनी १९९७ ला जंगलातल्या बर्च अन् डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते असं दाखवलं, तिथून बुरशीच्या इंटरनेटची गोष्ट जगभर गेली. २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या तीन अभ्यासकांनी सगळे पुरावे तपासून सांगितलं की जंगलातलं चित्र पुराव्यापेक्षा लई पुढं गेलंय, आई-झाड पिल्लाला ओळखून खाऊ घालतं वगैरे प्रत्यक्ष जंगलात सिद्ध झालेलं नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण पिकांवरचे काही प्रयोग पक्के आहेत. स्कॉटलंडमध्ये २०१३ ला बाकल्याच्या एका झाडावर मावा सोडला, तर बुरशीनं जोडलेली शेजारची झाडं मावा न येताच सावध झाली, बुरशीचा धागा तोडला तर झाली नाहीत. अन् आपल्या कामाचा म्हणजे तूर-नाचणीचा, भारतीय अन् स्विस शास्त्रज्ञांनी मिळून केलेला, कुंड्यांमधला. तुरीची मुळं खोल, ती रात्री खालची ओल वर आणतात, अन् मायकोरायझा असेल तर उथळ मुळांच्या नाचणीला कोरड्यात त्याचा आधार होतो. शेतात याचा फायदा घ्यायचा तर मायकोरायझाची बाटली विकत आणायची गरज नाही. हे धागे नांगरटीनं तुटतात, जास्त डीएपीनं कमी होतात, अन् मोहरी त्यांच्याशी जोडीच करत नाही. गरज नसताना खोल नांगरट टाळा, माती परीक्षण करून स्फुरद द्या, एवढंच पुरेसं आहे.

राहिला हवेतला वास. गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो तो म्हणजे जखमी पानाची द्रव्यं, अन् शेजारची झाडं ती ओळखतात. १९८३ पासून यावर काम चालू आहे, अन् २०२३ ला जपानच्या सैतामा विद्यापीठात तोयोता यांच्या गटानं तर असा वास पोचल्यावर शेजारच्या पानात कॅल्शियमची लाट उठते ती कॅमेऱ्यात पकडली. पण उघड्या रानात हा परिणाम फार लांब जात नाही, सेजब्रश नावाच्या अमेरिकन झुडपात तो दोन फुटांच्या आतच दिसला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं वासाचा मोठा उपयोग वेगळाच आहे, तो मित्रकिडींना बोलावतो. १९९८ मधी दाखवलं गेलं की कापूस, तंबाखू, मका यांच्यावर अळी बसली की ती झाडं जो वास सोडतात तो कोणती अळी खातेय त्यानुसार बदलतो अन् परजीवी गांधीलमाशी त्यावरून बरोबर आपली अळी शोधत येते.

म्हणून या रब्बीत हरभऱ्यात अधूनमधून धन्याची तासं टाका. धने फुलले की कॅम्पोलेटिससारख्या बारीक गांधीलमाश्यांना मध मिळतो अन् त्या घाटेअळीच्या लहान अळ्यांत अंडी घालतात. अशा लागलेल्या अळीचं नुसतं कातडं राहतं अन् बाजूला तांदळाएवढा करडा ठिपकेदार कोष चिकटलेला दिसतो. फवारणीच्या आधी शेतात फिरून असे कोष किती दिसतात ते बघा, भरपूर दिसले अन् मोठ्या अळ्या कमी असल्या तर पंप घरी ठेवा अन् तीन-चार दिवसांनी परत बघा, फवारायचंच झालं तर आधी निंबोळी अर्क घ्या.